दोन अँटेनांचं अलामूटी सिम्युलेशन: कोणत्या क्रमाने करायचं आणि ग्राफ नेमका कुठे चुकतो

फेडिंगमुळे, म्हणजे सिग्नल वाटेत कमीजास्त होण्यामुळे, होणाऱ्या एरर कमी करायला ट्रान्समीटरवर दोन अँटेना लावायच्या आणि अलामूटी कोड (दोन सिम्बॉल दोन अँटेनांवरून दोन स्लॉटमध्ये गुंफून पाठवायची पद्धत) वापरायचा, हे थिअरीत सगळ्यांना येतं. समीकरणं चारच आहेत, अर्ध्या पानात मावतात. पण तेच मॅटलॅब नाहीतर पायथनमध्ये करायला घेतलं की ग्राफ चुकतो, आणि वाईट म्हणजे चुकलेला ग्राफ दिसायला अगदी बरोबर दिसतो. एरर रेटची रेषा खाली जाते, दोन अँटेनांची रेषा एका अँटेनाच्या रेषेखाली असते, रिपोर्टमध्ये चिकटवला की कुणी काही बोलत नाही. मग ओरलला एक्स्टर्नल विचारतात, "तुमची अलामूटीची रेषा एमआरसीवर बरोब्बर कशी काय बसली?" आणि तिथे गाडी अडते. (एमआरसी म्हणजे दोन रिसीव्ह अँटेनांचे सिग्नल जोडून घ्यायची पद्धत, ती टप्पा ५ मध्ये येते.)

खाली क्रम दिलाय आणि जवळपास प्रत्येक टप्प्याला एक तपासणीचा आकडा दिलाय. तो आकडा आल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवात अलामूटीपासून करू नका, अलामूटी इथे सहाव्या टप्प्यावर येतं आणि त्याला कारण आहे: नॉईज आणि चॅनल आधी एकटे तपासलेले नसतील तर शेवटी चूक कशात आहे ते शोधता येत नाही, कारण तीन वेगवेगळ्या चुका मिळून कधीकधी एकमेकींना झाकतात.

## टप्पा १: कोडच्या आधी कागद

चिन्हं ठरवून घ्या. इथे ह म्हणजे चॅनल, स म्हणजे पाठवलेला सिम्बॉल, न म्हणजे नॉईज, र म्हणजे रिसिव्हरला मिळालेला सिग्नल, आणि * म्हणजे कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट. मग चार गोष्टी कागदावर लिहा, मनात ठेवू नका.

पहिली, एकूण ट्रान्समिट पॉवर. ती सगळ्या स्कीमसाठी सारखी, १ धरा. अँटेना एक असो की दोन, हवेत जाणारी एकूण पॉवर १ च राहणार.

दुसरी, आडव्या अक्षावर काय आहे. बिटमागे ऊर्जा की सिम्बॉलमागे ऊर्जा? बीपीएसकेमध्ये (एका सिम्बॉलमध्ये एक बिट) दोन्ही सारखंच असतं म्हणून कुणी लक्ष देत नाही, क्यूपीएसकेला (एका सिम्बॉलमध्ये दोन बिट) गेलं की ३ डीबीचा फरक पडतो. नुसतं "एसएनआर" (सिग्नल आणि नॉईजचं गुणोत्तर) असं लिहून सोडून देऊ नका.

तिसरी, चॅनल किती सिम्बॉल स्थिर राहणार. अलामूटीला किमान सलग दोन सिम्बॉल स्थिर चॅनल लागतो, ही अट आहे, सोय नाही.

चौथी, रिसिव्हरला चॅनल माहिती आहे का. सुरुवातीला हो धरा, अगदी परफेक्ट. पायलट (चॅनल मोजायला पाठवलेले, रिसिव्हरला आधीच माहिती असलेले सिम्बॉल) वगैरे नंतर.

## टप्पा २: नुसता नॉईज

चॅनल नाही, अँटेना एक, बीपीएसके. नॉईजची पॉवर, तिला न० म्हणू, म्हणजे १ भागिले १० चा (डीबी÷१०) वा घात. नॉईजचा नमुना असा बनवायचा: दोन स्वतंत्र गॉसियन आकडे घ्या, एक रिअल भाग, एक इमॅजिनरी भाग, आणि दोघांना √(न०/२) ने गुणा. गुणायचं वर्गमुळाने. न०/२ ने थेट गुणणं ही फार कॉमन चूक आहे आणि मग रेषेचा आकारच वेगळा येतो.

तपासणी: ६ डीबीला बिट एरर रेट ०.००२४ च्या आसपास आला पाहिजे. नाही आला तर इथेच थांबा.

सावधान: मॅटलॅबमध्ये नॉईज मिसळायचं तयार एडब्ल्यूजीएन फंक्शन आहे, त्यात "मेझर्ड" असा ऑप्शन असतो. तो आधी सिग्नलची पॉवर मोजतो आणि त्या प्रमाणात नॉईज टाकतो. इथे ठीक वाटेल, पण पुढे फेडिंग आल्यावर हेच फंक्शन ब्लॉक-ब्लॉकने वापरलं तर ज्या ब्लॉकमध्ये सिग्नल फेड होऊन बारीक झालाय तिथे नॉईजही बारीक होतो, म्हणजे फेडिंगचा परिणामच पुसला जातो! नॉईज हाताने बनवा, एक ओळीचं काम आहे.

## टप्पा ३: चॅनल एकटा तपासा

रेले फेडिंगचा (अनेक परावर्तनांतून येणाऱ्या सिग्नलचं मॉडेल) एक नमुना म्हणजे परत दोन गॉसियन आकडे, रिअल आणि इमॅजिनरी, भागिले √२. हा √२ विसरला की चॅनलची सरासरी पॉवर २ होते आणि तुमच्या सगळ्या रेषा फुकटात ३ डीबी डावीकडे सरकतात.

एक लाख नमुने काढा आणि दोन गोष्टी बघा. |ह|² ची सरासरी १ च्या जवळ पाहिजे. आणि |ह|² हा ०.१ पेक्षा कमी, म्हणजे सरासरीपेक्षा १० डीबी खाली, किती वेळा जातो ते मोजा, सुमारे ९.५ टक्के वेळा गेला पाहिजे.

आता असे दोन स्वतंत्र चॅनल घ्या, दोघांच्या |ह|² ची सरासरी काढा, आणि ती ०.१ च्या खाली किती वेळा जाते ते बघा. सुमारे १.७५ टक्के. डायव्हर्सिटी म्हणतात ती एवढीच गोष्ट आहे: सरासरी पॉवर वाढलेली नाही, पण दोन्ही रस्ते एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता कमी झाली. पुढचे सगळे टप्पे हे ९.५ वरून १.७५ प्रत्यक्षात मिळवण्यासाठी आहेत, म्हणून हा हिस्टोग्राम काढून रिपोर्टमध्ये ठेवाच, बिट एरर रेटच्या ग्राफपेक्षा यातून जास्त कळतं.

सावधान: रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) एकदाच, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सेट करा. पहिला चॅनल बनवायच्या आधी सीड आणि दुसरा बनवायच्या आधी परत तोच सीड असं केलं तर दोन्ही चॅनल हुबेहूब एकच निघतात आणि डायव्हर्सिटी शून्य. फंक्शनच्या आत सीड टाकलेला असतो आणि ते फंक्शन दोनदा बोलावलं जातं, तिथे हे हमखास होतं.

## टप्पा ४: एक अँटेना, फेडिंगसकट

र = ह·स + न. रिसिव्हर र ला ह* ने गुणतो, रिअल भागाचं चिन्ह बघतो, झालं.

इथे थिअरीचं सूत्र तयार आहे: एरर रेट = ½ × (१ − √(ग/(१+ग))), ग म्हणजे सरासरी एसएनआर, डीबीमध्ये नाही, साध्या आकड्यात.

तपासणी: १० डीबीला ०.०२३३, २० डीबीला ०.००२५. म्हणजे १० डीबी वाढवले तर एरर फक्त साधारण दहापट कमी होतात. ०.००१ एरर रेटला जवळपास २४ डीबी लागतात, जिथे फेडिंग नसताना ६.८ डीबीत काम भागत होतं.

तुमचा ग्राफ प्रत्येक रनला वेगळा येत असेल आणि नुसत्या नॉईजच्या रेषेसारखा धबधब्यागत कोसळत असेल तर तुम्ही चॅनल लूपच्या बाहेर एकदाच बनवलाय. प्रत्येक ब्लॉकला नवा चॅनल हवा.

## टप्पा ५: आधी एमआरसी, म्हणजे दोन रिसीव्ह अँटेना

हा टप्पा बरेच जण गाळतात आणि नंतर पस्तावतात, कारण अलामूटीची रेषा कशाशी ताडून बघायची तर हिच्याशीच.

पाठवणारी अँटेना एक, घेणाऱ्या दोन. र१ = ह१·स + न१ आणि र२ = ह२·स + न२. रिसिव्हर ह१*·र१ + ह२*·र२ काढतो. दोन्ही अँटेनांना नॉईज वेगळा असतो, एकच नॉईज दोघांना दिला तर चूक.

थिअरी: टप्पा ४ च्या सूत्रातून येणाऱ्या आकड्याला प म्हणा, मग एरर रेट = प² × (३ − २प).

तपासणी: १० डीबीला ०.००१६. २० डीबीला ०.००००१८ च्या आसपास. ०.००१ एरर रेट आता सुमारे ११.१ डीबीला मिळतो.

इथे पॉवर कुठेही वाटायची नाही, कारण रिसीव्ह अँटेना वाढवली की ऊर्जा खरंच जास्त गोळा होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात लगेच लागणार आहे.

## टप्पा ६: अलामूटी पाठवायचं कसं

एक प्रश्न कायम येतो, की दोन अँटेनांवरून एकच सिम्बॉल एकाच वेळी का नाही पाठवायचा, एवढं उलटसुलट कशाला? तर रिसिव्हरला मिळतं (ह१+ह२)/√२ × स, आणि दोन स्वतंत्र रेले चॅनलची बेरीज भागिले √२ म्हणजे परत एक साधा रेले चॅनलच! हवेत दोन्ही सिग्नल कधी एकमेकांना मदत करतात, कधी एकमेकांना मारतात. फायदा शून्य. विश्वास बसत नसेल तर चालवून बघा, रेषा टप्पा ४ वर जाऊन बसेल. ट्रान्समीटरला चॅनल माहिती असता तर फेज जुळवून पाठवता आलं असतं, पण अलामूटीमध्ये त्याला काहीच माहिती नसतं, म्हणून दोन सिम्बॉल दोन स्लॉटमध्ये असे गुंफायचे की रिसिव्हरला ते सोडवता येतील.

पहिला स्लॉट: पहिली अँटेना स१, दुसरी अँटेना स२.
दुसरा स्लॉट: पहिली अँटेना −स२*, दुसरी अँटेना स१*.

दोन स्लॉटमध्ये दोन सिम्बॉल गेले, म्हणजे रेट १ च राहिला, वेग कमी झाला नाही.

आता पॉवर, आणि सगळ्यात जास्त ग्राफ इथेच चुकतात. दोन अँटेना एकाच वेळी पाठवतायत आणि एकूण पॉवर १ ठेवायची आहे, तर प्रत्येक सिम्बॉल √२ ने भागायचा. भागलं नाही तर तुम्ही दुप्पट पॉवर वापरताय आणि अलामूटीची रेषा बरोब्बर एमआरसीवर बसते. बरेच जण ते बघून खूश होतात की "थिअरीत म्हटलंय अलामूटी आणि एमआरसीची डायव्हर्सिटी सारखी, बघा, जुळलं." डायव्हर्सिटी सारखी म्हणजे उतार सारखा. रेषा ३ डीबी उजवीकडेच असली पाहिजे.

दुसरा सापळा ॲरेचा. बिटांच्या लांबलचक रांगेतून स१ आणि स२ वेगळे काढताना रीशेप वापरलं तर मॅटलॅब कॉलमने भरतो आणि पायथनचं नमपाय बाय डिफॉल्ट रो ने भरतो. एकीकडचा कोड दुसरीकडे आणला की जोड्या विस्कटतात. रीशेप सोडाच, सरळ पहिल्यापासून एकाआड एक सिम्बॉल घ्या तो स१, दुसऱ्यापासून एकाआड एक घ्या तो स२, आणि परत जोडतानाही तसंच.

आणि मॅटलॅबवाल्यांसाठी खास: नुसतं अपॉस्ट्रॉफी चिन्ह हे ट्रान्सपोज आणि कॉन्जुगेट दोन्ही करतं. फक्त ट्रान्सपोज हवा असेल तर त्याच्या आधी टिंब लागतं. नमपायचं उलटं आहे, तिथे ट्रान्सपोज केल्याने कॉन्जुगेट होत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. या एका चिन्हापायी अख्खी रात्र जाऊ शकते.

## टप्पा ७: रिसिव्हरला सोडवायचं कसं

√२ चा भागाकार चॅनलमध्येच धरून टाका, म्हणजे यापुढे ह१ म्हणजे खरा चॅनल भागिले √२. असं केलं की पुढे कुठेही वेगळा √२ लक्षात ठेवावा लागत नाही.

मिळालेले सिग्नल:

र१ = ह१·स१ + ह२·स२ + न१
र२ = −ह१·स२* + ह२·स१* + न२

रिसिव्हर काढतो:

स१ चा अंदाज = ह१*·र१ + ह२·र२*
स२ चा अंदाज = ह२*·र१ − ह१·र२*

बघा, ह१ वर कॉन्जुगेट आहे पण त्याच ओळीत ह२ वर नाही, त्याऐवजी र२ वर आहे. घाईत लोक चारही चॅनलवर * टाकतात. एकदा हाताने गुणाकार करून बघा, पेन घेऊन: पहिल्या ओळीत स२ च्या दोन टर्म येतात, एक +ह१*ह२ आणि एक −ह१*ह२, त्या उडतात, आणि उरतं (|ह१|²+|ह२|²)·स१. हे हाताने केल्याशिवाय कोडमधलं चिन्ह चुकलंय हे तुम्हाला बघून कळणार नाही.

तपासणी १: नॉईज शून्य करा. अंदाज भागिले (|ह१|²+|ह२|²) केलं की पाठवलेला सिम्बॉल तंतोतंत परत आला पाहिजे, पंधराव्या दशांशापर्यंत. "जवळपास" आला तर तो चुकला.

तपासणी २: हीच शून्य-नॉईज तपासणी क्यूपीएसकेवर करा, बीपीएसकेवर नाही. बीपीएसकेचे सिम्बॉल +१ आणि −१ असतात, त्यांचा कॉन्जुगेट म्हणजे ते स्वतःच, त्यामुळे पाठवताना * विसरलं तरी बीपीएसके सगळं बरोबर दाखवतो आणि चूक लपून राहते. क्यूपीएसकेवर ती लगेच उघडी पडते.

तपासणी ३: नॉईज शून्य आणि तरी एरर रेट ०.५ येतोय? मग गणित नाही, बिटांचा क्रम विस्कटलाय. सहाव्या टप्प्यातला ॲरेचा सापळा बघा.

## टप्पा ८: ग्राफ काढा आणि वाचा

थिअरी इथेही एमआरसीचंच सूत्र आहे, फक्त ग च्या जागी ग/२ टाकायचा.

तपासणी: बीपीएसके, १० डीबीला ०.००५५, २० डीबीला ०.००००७३. म्हणजे १० डीबीत एरर पंचाहत्तरपटीच्या आसपास कमी झाल्या, एका अँटेनाला दहापटही होत नव्हत्या. ०.००१ साठी सुमारे १४.१ डीबी, एमआरसीपेक्षा ३ डीबी जास्त आणि एका अँटेनापेक्षा दहा डीबी कमी.

बिट किती चालवायचे? प्रत्येक बिंदूला किमान शंभर एरर मोजल्या जाईपर्यंत. शंभर एरर म्हणजे आकड्यात साधारण दहा टक्के इकडेतिकडे. २० डीबीला अलामूटीच्या शंभर एररना १४ लाखांच्या आसपास बिट लागतात, मग दहा हजार बिट चालवून रेषा अचानक शून्याला टेकली की "२० डीबीला एरर शून्य" असं लिहू नका, तुम्ही पुरेसं चालवलंच नाही. आणि चॅनल शंभर सिम्बॉल स्थिर ठेवला असेल तर एकाच वाईट चॅनलमध्ये एररचा ढीग पडतो, मग शंभर एरर मोजल्या तरी त्या दोनतीन चॅनलमधूनच आलेल्या असतात, अशा वेळी एररबरोबर वेगवेगळे चॅनल किती झाले तेही मोजा.

ग्राफ चुकला तर कशाने चुकला हे त्याच्या आकारावरून बरंचसं ओळखता येतं:

अलामूटी एमआरसीवर बसलं: पॉवर अर्धी केली नाही.

अलामूटीचा उतार एका अँटेनाएवढाच आहे: दोन्ही चॅनल एकच निघालेत, सीड बघा.

आधी छान खाली येते आणि मग आडवी होते, एसएनआर कितीही वाढवा: स१ आणि स२ एकमेकांत मिसळतायत. एकतर कॉन्जुगेट चुकलाय, नाहीतर दोन स्लॉटमध्ये चॅनल बदलतोय. लूपमध्ये प्रत्येक स्लॉटला नवा चॅनल बनवला की हेच होतं, आणि रिसिव्हरला दोन्ही स्लॉटचे चॅनल अगदी अचूक दिले तरीही होतं, कारण त्या दोन टर्म उडायला चॅनल दोन्ही स्लॉटमध्ये सारखाच लागतो.

सगळ्याच रेषा थिअरीपेक्षा ३ डीबी बाजूला: नॉईज किंवा चॅनलचा √२. टप्पा २ आणि ३ ला परत जा.

कुठल्यातरी एसएनआरला अलामूटी एका अँटेनापेक्षा वाईट दिसतंय: परफेक्ट चॅनल माहिती असताना हे होऊच शकत नाही. अगदी ० डीबीलाही एका अँटेनाला ०.१४६ आणि अलामूटीला ०.११५ यायला हवं.

## टप्पा ९: क्यूपीएसके आणि पुढे

ग्रे मॅपिंगवाल्या (शेजारच्या बिंदूंमध्ये एकाच बिटचा फरक) क्यूपीएसकेची रेषा, आडव्या अक्षावर बिटमागे ऊर्जा असेल तर, बीपीएसकेच्या रेषेवर तंतोतंत बसते. ३ डीबी सरकली तर तुम्ही अक्षावर सिम्बॉलमागची ऊर्जा घेतलीये. यापेक्षा सोपी तपासणी नाही.

१६-क्वामला (सोळा बिंदूंचं मॉड्युलेशन) मात्र एक जास्तीचं काम आहे. बीपीएसके, क्यूपीएसकेमध्ये फक्त चिन्ह बघायचं असतं म्हणून अंदाजाला (|ह१|²+|ह२|²) ने भागलं नाही तरी चालतं, १६-क्वाममध्ये आतला बिंदू की बाहेरचा हे अंतरावर ठरतं, भागाकार विसरून चालणार नाही.

पुढे एरर करेक्शन डिकोडर लावणार असाल तर भागाकारानंतर नॉईज न० राहत नाही, न० भागिले (|ह१|²+|ह२|²) होतो, आणि तो प्रत्येक जोडीला वेगळा असतो. डिकोडरला सगळीकडे तोच न० दिला तर वाईट चॅनलमधून आलेल्या बिटांवरही तो चांगल्याइतकाच विश्वास ठेवतो आणि फेडिंगमधला बराच फायदा तिथेच वाया जातो.

## टप्पा १०: दोन बाय दोन

रिसीव्ह अँटेना दोन केल्या की प्रत्येक अँटेनावर टप्पा ७ चं गणित वेगवेगळं करायचं आणि अंदाजांची बेरीज घ्यायची. चार चॅनल, डायव्हर्सिटी चार.

पॉवर अजूनही √२ नेच भागायची. चार रस्ते झाले म्हणून २ ने भागणारे असतात, तसं नाही, पॉवर फक्त ट्रान्समिट अँटेनांमध्ये वाटली जाते.

तपासणी: बीपीएसके, १० डीबीला ०.०००११३.

ट्रान्समिट अँटेना तीन-चार करायच्या असतील तर कॉम्प्लेक्स सिम्बॉलसाठी असा सरळ सुटणारा पूर्ण रेटचा कोड अस्तित्वातच नाही, तीन आणि चार अँटेनांना ¾ रेटपर्यंत जाता येतं. तुलना करताना बिटचा वेग सारखा ठेवा, नाहीतर ती तुलनाच नाही.

## टप्पा ११: पायलट

आता परफेक्ट माहिती काढून घ्या. दोन्ही अँटेनांवरून एकाच वेळी सारखाच पायलट पाठवला तर रिसिव्हरला फक्त ह१+ह२ कळतं, वेगळं काहीच कळत नाही. म्हणून पायलटही गुंफायचे: पहिल्या स्लॉटमध्ये दोघींवरून प, दुसऱ्यात पहिलीवरून −प आणि दुसरीवरून प. इथे प हा रिअल आकडा आहे, वर एरर रेटला वापरलेला प नाही.

मग ह१ = (र१ − र२)/(२प) आणि ह२ = (र१ + र२)/(२प).

तपासणी: नॉईज शून्य असताना चॅनल अचूक निघाला पाहिजे. प = १/√२ ठेवला, म्हणजे पायलटलाही डेटाएवढीच पॉवर, तर अंदाजातल्या चुकीची सरासरी पॉवर बरोबर न० येते, २० डीबीला ०.०१. हे मूळ, न भागलेल्या चॅनलसाठी, म्हणून मोजताना √२ दोनदा लागत नाहीये ना ते बघा.

पायलटचा खर्चही मोजा. दहा स्लॉटमधले दोन पायलटला गेले तर डेटाच्या बिटमागे लागणारी खरी ऊर्जा जास्त आहे, रेषा जवळपास १ डीबी उजवीकडे सरकवायला हवी. पेपरांत हे सांगितलेलं असतं आणि प्रोजेक्ट रिपोर्टांत सहसा गायब असतं.

## टप्पा १२: खऱ्या चॅनलच्या अटी

चॅनल दोन स्लॉट स्थिर राहतो असं आपण धरलं, ते कधी खरं? डॉपलर (हालचालीमुळे फ्रीक्वेन्सी किती सरकते ते) = वेग × फ्रीक्वेन्सी ÷ प्रकाशाचा वेग. ताशी ६० किलोमीटर आणि १.८ गिगाहर्ट्झ घ्या, १०० हर्ट्झ येतो, चॅनल साधारण ४ मिलिसेकंद टिकतो. एलटीईचा (४जी मोबाइल) एक सिम्बॉल ०.०७ मिलिसेकंदांचा, तिथे काहीच चिंता नाही. पण तुमचा टेलिमेट्रीचा लिंक सेकंदाला हजार सिम्बॉलचा असेल तर दोन सिम्बॉलमध्येच २ मिलिसेकंद जातात आणि आठव्या टप्प्यातली ती आडवी होणारी रेषा दिसायला लागते. तिथे कोड बरोबर आहे, अट मोडलीये.

एलटीईमध्ये ही जोडी वेळेत नाही तर शेजारच्या दोन सबकॅरिअरवर (अरुंद फ्रीक्वेन्सी पट्ट्यांवर) ठेवतात, गणित तेच. मग अट अशी की दोन शेजारच्या सबकॅरिअरवर, म्हणजे १५ किलोहर्ट्झ अंतरावर, चॅनल सारखा पाहिजे. आणि चॅनलला इको असतील तर आधी ओएफडीएम (डेटा अनेक सबकॅरिअरवर वाटून पाठवणं), मग अलामूटी, आणि सायक्लिक प्रीफिक्स (सिम्बॉलच्या शेवटच्या भागाची आधी जोडलेली प्रत) सगळ्यात लांब इकोपेक्षा मोठा. इको असलेल्या चॅनलवर थेट टप्पा ७ लावला तर सिम्बॉल एकमेकांवर चढतात, कितीही एसएनआर द्या.

दुसरी अट अँटेनांच्या स्वतंत्रपणाची. आजूबाजूला सगळीकडून सिग्नल परावर्तित होऊन येत असेल, घरात-ऑफिसात असतं तसं, तर अर्धी वेव्हलेंग्थ अंतर साधारण पुरतं, २.४ गिगाहर्ट्झला ते सव्वासहा सेंटिमीटर. उंच टॉवरवर मात्र सिग्नल अरुंद कोनातच येतो-जातो, तिथे दहा वेव्हलेंग्थच्या घरात अंतर लागतं, १.८ गिगाहर्ट्झला पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणून तिथे तिरप्या पोलरायझेशनची अँटेनांची जोडी एकाच डब्यात घालायचा मार्ग घेतात.

सिम्युलेशनमध्ये हे आणायला दुसरा चॅनल असा बनवा: ह२ = क·ह१ + √(१−क²)·नवा स्वतंत्र रेले नमुना, क म्हणजे कोरिलेशन, ० ते १. क = ० ला १० डीबीचा आकडा ०.००५५ च यायला हवा, क = १ ला तो ०.०२३३ वर परत जायला हवा, म्हणजे दुसरी अँटेना असून नसल्यासारखी. मधे क = ०.७ ठेवून बघा, वरच्या एसएनआरला नुकसान फक्त दीड डीबीच्या आसपास आहे आणि उतार दोन अँटेनांचाच राहतो. त्यामुळे डब्यात जागा कमी आहे आणि अँटेना थोड्या जवळ येतायत म्हणून कुणी दुसरी अँटेनाच काढून टाकायला निघालं, तर आधी क मोजायला सांगा.